हातभर जागा

"सिपू, सिंहाची शेपटी बघ गो. उंदरानं कुरतडल्यासारखी झालीय," बिन्यामिनमामा दारात उभे राहून पायानं चपला चाचपत म्हणाले. "आणि पापलेटाचे खवले पुसट झालेत. तेवढं केलंस तरी पुष्कळ."

"आणि मधली जागा, मामा?"

"कुठली?"

"दारासमोरची. हातभर कोरी आहे ती."

"ती राहिलीय," मामा म्हणाले. तेवढ्यात नाक्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि सोफीमामीनं त्यांचा दंड धरला. मामांनी चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद असलेल्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली. दोघं अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. पायरी उतरताना मामांचा पाय हवेतच थबकला, मग जमीन सापडली.

राहिलीय. मी तो शब्द ऐकला आणि कामाला लागायचं ठरवून टाकलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मुंबईत एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पदरी डिप्लोमा होता, आणि डिप्लोमा मिळालेल्या माणसाला जे होतं ते मलाही झालेलं होतं. दिसेल त्या चित्रात काय चुकलंय ते मला आधी दिसायचं.

मामांकडे कसलाच डिप्लोमा नव्हता. रेवदंड्याच्या अलीकडे दिवेखार म्हणून गाव आहे, तिथल्या इस्रायल आळीत त्यांचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. धंदा म्हणाल तर होड्यांवर नावं रंगवायची. कोळ्यांच्या कितीतरी होड्यांवर ‘एकवीरा प्रसन्न’ लिहिलं ते आमच्या या ज्यू मामांनी. आमच्या समाजात लग्न ठरलं की केतुबा, म्हणजे आमचा लग्नाचा करार, तो हिब्रू अक्षरांत लिहून त्याभोवती वेलबुट्टी काढायचं कामही त्यांच्याकडेच यायचं. आणि उरलेल्या वेळात, तीस वर्षं, ते ओटीच्या खोलीतली दारासमोरची भिंत रंगवत होते.

मामांचे चुलतभाऊ इस्रायलला जाऊन स्थायिक झाले होते. ते तिथून पोस्टकार्डं पाठवायचे, काळी-पांढरी. कुठल्याशा दीड हजार वर्षांपूर्वीच्या प्रार्थनामंदिराच्या जमिनीवरचं बारा राशींचं चाक. स्पेनमधल्या जुन्या पोथीचं एक पान, गालिच्यासारखं विणलेलं. पोलंडच्या लाकडी छतावरचे सिंह. येमेनी सोनारांची जाळी, इटलीतल्या केतुब्यावरची पक्ष्यांची जोडी. जगभर विखुरलेल्या आमच्या लोकांनी दोन हजार वर्षांत जे जे काढलं, त्यातलं जेवढं टपालानं दिवेखारला पोचलं तेवढं सगळं मामांनी भिंतीवर घेतलं होतं. रंग कार्डात नव्हते, ते मामांनी घरचे घातले. गेरू, पिवडी, कपड्यांची नीळ, दिव्याची काजळी आणि डिंक. सिंह त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच, पनवेलला सर्कशीत पाहिला होता, तोही झोपलेला. त्यामुळे पोलंडचे सिंह जरा सुस्त आले होते. इटलीच्या पक्ष्यांचे खंड्या झाले होते. मीन राशीच्या जागी जोडीनं पापलेटं पोहत होती, कारण खवले नसलेला मासा आपल्या धर्मात चालत नाही, तो भिंतीवरही नको, असं मामांचं म्हणणं.

"मामा, तिकडं खजुराचं झाड आहे. तुम्ही नारळ काढलात," मी एकदा म्हटलं होतं.

"ते राहिले खजुराखाली, त्यांनी खजूर काढला. आपण राहिलो नारळाखाली. खोटं कशाला काढू?"

मला तेव्हा हसू आलं होतं. मुंबईला मैत्रिणींना हे सांगून मी त्यांनाही हसवलं होतं.

मुंबईतल्या आमच्या समाजाची एक समिती त्या वर्षी ज्यू कलेवर फोटोंचं पुस्तक काढत होती. भिंतीबद्दल समितीला मीच सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्यांचे फोटोग्राफर येणार होते आणि भिंतीवरचा मजकूर मी लिहायचा होता. माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं. म्हणून मी दोन दिवस आधी येऊन थडकले होते.

मामांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याची त्यांना फारशी भीती नव्हती, डॉक्टर काढतात म्हणायचे. भीती होती ती विसरण्याची. त्यांचे वडील शेवटी शेवटी सगळं विसरले. स्वतःच्या बायकोला "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" म्हणून विचारायचे. ते पाहिल्यापासून मामा रोज सकाळी दात घासताना आपण रंगवलेल्या होड्यांची नावं पहिलीपासून म्हणत. जलपरी, हिराकणी, दर्यादौलत, लक्ष्मीनारायण. एकशे चौदा होत्या. एखादं नाव अडलं तर चूळ तोंडात तशीच धरून उभे राहत आणि आठवलं की मगच थुंकत. मामी चेष्टा करायची, "एक दिवस गुदमराल." पण तीही ओट्याशी थांबून नावं मोजत असायची, हे मी गुरुवारी सकाळीच पाहिलं होतं.

तर गुरुवारी ती दोघं गेली आणि मी भिंतीसमोर बसले. शेपटी झाली, खवले झाले. तासाभरात काम संपलं आणि मग ती मधली जागा डोळ्यांत खुपू लागली. हातभर लांब, हातभर रुंद, दारातून येणाऱ्याच्या नजरेला बरोबर समोर. तिथं रंग तर नव्हताच, वर गिलावाही नव्हता. आतली माती आणि भुसा दिसत होता. कडेकडेनं मामांची वेल नीट वळसा घालून गेली होती. म्हातारे दमले असणार, मी ठरवलं. किंवा काय काढावं ते सुचलं नसणार. मला मात्र चटकन सुचलं.

एवढ्या मोठ्या भिंतीला मध्यबिंदू हवा होता. मी खरवडून माती सारखी केली, चुन्यात डिंक कालवून दोन थर दिले, स्टोव्ह जवळ ठेवून वाळवले, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केले. मग मुंबईहून आणलेल्या ट्यूबा काढल्या आणि यरुशलेमचं प्राचीन मंदिर काढलं. जुन्या चित्रांत असतं तसं. दोन खांब, मिटलेलं सोनेरी दार, वर निळं आकाश. खोटं कशाला सांगू, ते उत्तम झालं होतं. मी दारात जाऊन पाहिलं, रस्त्यावर जाऊन पाहिलं. भिंत आता कुठं भिंत वाटते, असं मनाशी म्हणाले. उद्या फोटो झाल्यावर मामांना सांगायचं, म्हणजे ते चकित होतील, असंही ठरवलं.

संध्याकाळी दोघं परतली ती खुशीत. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती.

"आधी डावा, मग उजवा," मामा सांगत होते. "उजवा झाला की वरचा कोपरा घेतो. येमेनची जाळी अर्धी राहिलीय. दोन वर्षं तरी मला कुठं जायचं नाय." मग दमलेले मामा आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

शुक्रवारी सकाळी मामी केर काढायला ओटीवर आली. भिंतीपाशी येऊन थांबली. झाडू हातात तसाच.

"भरलीस?" तिनं विचारलं.

"कशी दिसते?"

तिनं झाडू भिंतीशी टेकवला. मग म्हणाली, "ह्यांना सांगितलंस?"

"फोटो झाले की सांगते."

"सांग," मामी म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, मामीला गहिवरून आलं.

फोटोग्राफर आवासकर नऊ वाजता आले. मामा स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते, आवाज जिथून येईल तिकडे तोंड करून. आवासकरांनी तिपाई लावली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आतूनच म्हणाले, "वा. ह्या मधल्या चित्रावर सगळी भिंत उभी आहे."

"कशावर?" मामांनी विचारलं.

आवासकरांना ते ऐकू गेलं नाही. मी म्हणाले, "भिंत सुंदर आहे म्हणताहेत, मामा."

का म्हणाले मी असं? पाहुण्यासमोर कशाला, एवढंच तेव्हा मनात आलं. पण स्तुती झाली ती माझी आणि मी ती पदराखाली घेऊन उभी राहिले, हे खरं. मामा हसले. "पापलेटं नीट येऊ द्या हो," ते आवासकरांना म्हणाले.

दुपारच्या गाडीनं आवासकर गेले. सांगायला अख्खी दुपार होती. मामी स्वयंपाकात होती, सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो, त्याआधी सगळं उरकायचं म्हणून तिची लगबग चालली होती. ती दोनदा ओटीवर आली, माझ्याकडे बघून परत गेली. मामा झोपले होते. उठले की सांगू, असं म्हणत मी मजकूर लिहीत बसले.

सूर्य कलला तशी मामीनं काचेच्या पेल्यात खोबरेल तेल घालून वात लावली. डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हटली. काळ्या मनुकांचं सरबत भरलेला चांदीचा पेला ताटात ठेवला. मामा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून बाहेर आले. पेल्याकडे न जाता ते सरळ भिंतीकडे गेले आणि उजवा तळवा त्यांनी मधोमध टेकवला.

दर शुक्रवारी ते असं करत असत. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी आजवर कधी शुक्रवारी तिथं नव्हतेच.

तळवा तिथंच थांबला. मग डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. वाट चुकली असेल म्हणून ते दोन पावलं मागं आले, दाराकडे पाठ करून पुन्हा सरळ चालत गेले आणि पुन्हा हात ठेवला. नखानं हळूच ओरखडून पाहिलं.

"सोफी," ते म्हणाले, "ही जागा कुठं गेली?"

मामीनं माझ्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. ती माझ्यासाठी थांबली होती.

"मी भरली का ही?" मामा म्हणाले.

तेवढाच क्षण होता. ‘मी भरली, मामा.’ दोन शब्दांत झालं असतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मनात काय होतं सांगू? समितीचं पुस्तक होतं. आवासकरांना कळेल, हे होतं. डिप्लोमावालीला एवढं कळू नये, असं मामी म्हणेल, हेही होतं.

"मीच भरली असणार," मामा स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "दुसरं कोण भरणार? सिपूनं भरली असती तर ती बोलली असती. कधी भरली मी? काल रात्री उठून?" मग माझ्या दिशेनं वळून, नेहमी शिकवायचे त्याच आवाजात सांगू लागले. "तुला ठाऊक नसेल, सिपू. बाबांनी घर बांधलं तेव्हा गवंड्याला सांगून ही जागा ठेवली. बिरड्याचा रोजा आपण कशासाठी धरतो?"

"मंदिर पाडलं म्हणून," मी म्हणाले. मला त्या रोज्यातलं खरं माहीत होतं ते फक्त उपास सोडतानाचं वालाचं बिरडं.

"हां. यरुशलेमचं मंदिर पडलंय तोवर आपलं घर पुरं झालं म्हणायचं नाय. दारासमोर हातभर जागा उघडी ठेवायची. येता-जाता दिसली पाहिजे, टोचली पाहिजे. बाबा सगळं विसरले गो. आईला विसरले, मला विसरले. पण शुक्रवारी बरोबर इथं येऊन हात ठेवायचे. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा." त्यांनी तळवा भिंतीवरून काढला. "मी तर त्यांच्याही पुढं गेलो."



"काय काढलंय तिथं?" मामांनी मला विचारलं. "मला दिसत नाय. बघून सांग."

"मंदिर," मी म्हणाले.

"कुठलं?"

"आपलं. यरुशलेमचं."

मामा हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हणजे बांधूनच टाकलं मी."

आमच्यात एक फार जुनी शपथ आहे. यरुशलेमला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो आणि जीभ टाळ्याला चिकटो, अशी. ती लहानपणी आम्हा सगळ्या पोरांना शिकवतात, मलाही शिकवली होती. शब्बाथचा पेला उजव्या हातात धरायचा असतो. त्या संध्याकाळी मामांनी तो डाव्या हातात धरला. उजवा हात त्यांनी पाठीमागे घेतला होता. सरबताचा आशीर्वाद त्यांनी एकही शब्द न चुकता म्हटला. मामीनं डोळे पुसले, आणि मी आमेन म्हटलं.

शनिवारी सकाळी न्हाणीघरातून चूळ भरल्याचा आवाज आला. होड्यांची नावं आली नाहीत. मामी ओट्याशी उभी राहून वाट पाहत होती. बऱ्याच वेळानं तिनं नळ बंद केला.

रविवारी मी निघाले तेव्हा मामांनी कापडात गुंडाळलेले त्यांचे कुंचले माझ्या हातात दिले. खारीच्या केसांचे, त्यांनी स्वतः बांधलेले.

"तू घे. तुझा हात चांगलाय."

"मामा, ऑपरेशन झाल्यावर लागतील तुम्हाला."

"नजर येऊन काय करू? डोकंच जातंय. बाबांचं असंच सुरू झालं होतं." माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मजकुरात त्या मधल्या चित्राचं लिहू नको. लाज वाटते."

मी कुंचले घेतले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, की मी ते घेतले.

मामी नाक्यापर्यंत सोडायला आली. गाडी लांबून दिसू लागली तेव्हा म्हणाली, "मी शुक्रवारपासून वाट बघतेय, तू बोलशील म्हणून."

"मामी, तू सांग ना त्यांना."

"मी काय सांगू? भाचीनं केलं आणि समोर बसून गप्प राहिली, असं? त्यांना पोर नाय, बाळ नाय. तूच हायेस." तिनं माझी पिशवी माझ्या खांद्यावर नीट अडकवली. "माझ्या तोंडून ऐकलं तर डोकं शाबूत असल्याचं कळंल, पण तू त्यांच्या मनातून जाशील. तू सांगितलंस तर दोन्ही राहतील. पुढच्या खेपेला ये आणि सांग. लवकर ये."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या महिन्यात शाळेच्या परीक्षा होत्या. पुढच्या महिन्यात पत्र लिहायला घेतलं, चारदा फाडलं. तोंडानं सांगायची गोष्ट पत्रात काय लिहायची, अशी मीच माझी समजूत घातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की, असं ठरवलं आणि सुट्टीत समितीनं पुस्तकाच्या कामासाठी ठेवून घेतलं तेव्हा बरं वाटलं. तेही लिहून टाकते. बरं वाटलं. मामांनी ऑपरेशनची तारीख पाळली नाही, कुंचला पुन्हा हातात धरला नाही. आषाढात मामा गेल्याची तार आली. तोवर त्यांना काहीच विसरायला झालं नव्हतं, डॉक्टरही तसंच म्हणाले, हे मामीनं मला नंतर सांगितलं. कडवटपणानं नाही, सहज.

पुस्तक निघालं. भिंतीचा फोटो दोन पानभर आहे आणि त्याखाली छापलंय, ‘मध्यभागी मंदिर, कलाकार बिन्यामिन वाक्रुळकर यांच्या कामाचा कळस.’ मजकूर माझा आहे. मामी पुढं बहिणीकडे इस्रायलला गेली. घर विकलं गेलं आणि नव्या मालकानं ओटीला डिस्टेंपर मारला.

गेल्या दिवाळीआधी मी ठाण्याच्या माझ्या घराला रंग काढला. पेंटर शिगवण, गुहागरकडचा, कामाला चोख माणूस. दारासमोरच्या भिंतीवर हातभर जागा कोरी ठेवायला मी त्याच्या पोरांना सांगितलं होतं. गिलावा खरवडून घेतला होता. का, ते पोरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. यरुशलेमसाठी, असं म्हणायचा मला हक्क वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर भिंत सपाट. शिगवण शिडीवरून उतरत होता.

"बाई, दारासमोर एवढी जागा राहून गेली होती बघा. पोरांनी सोडली असणार. पुट्टी भरून घासून टाकली."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. मी रंगाच्या डब्यावर बसले.

"काय झालं? चुकलं का काही?"

"कोणी भरली म्हणालात?"

"मीच भरली," शिगवण म्हणाला. किती सहज म्हणाला. "तशीच ठेवायची होती का? मग माझंच चुकलं. विचारायला पाहिजे होतं मी. थांबा, कच्ची आहे तोवर काढतो."

त्यानं पत्रा घेतला आणि खरवडायला लागला. पांढरा चुरा फरशीवर पडू लागला. मी पाहत होते. पंचेचाळीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्याच्या पाठीकडे बघत मी बोलून गेले.

"माझ्या मामांच्या घरी अशी जागा होती. त्यांनी मुद्दाम ठेवलेली. ते घरी नसताना मी भरली."

"होतं असं, बाई. कळत नाही माणसाला." पत्रा चालूच होता. "मग सांगितलंत ना त्यांना?"

मी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खाली पडलेला चुरा गोळा करू लागले.